तीन वाजता बुडालेला दिवस

आमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी इसवी सन कधी यायचा नाही. मोठ्या आत्याचं लग्न ‘पावडर निघाली त्या साली’ झालं. वावरातली विहीर ‘एंड्रिनच्या जमान्यात’ खोदली. आणि माझा जन्म ‘मोनो आलं त्याच्या मागच्या-पुढच्या साली’. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव कोरडवाहू, काळ्या मातीचं, कापसावर जगणारं. तिथे सरकारं आली-गेली त्याच्या खुणा पुसट झाल्या, फवारणीच्या औषधांच्या मात्र ठळक राहिल्या. आजी, मोठे बाबा, मोठी आई आणि आमच्याकडे कितीतरी वर्षं राहिलेले सालदारकाका, या चौघांकडून मी त्या औषधांचा इतिहास तुकड्यातुकड्यांनी ऐकला. पुढे मज्जासंस्थेवरची पुस्तकं वाचायला लागले तेव्हा त्यातला एकेक तुकडा नेमका कुठे बसतो ते कळत गेलं. या माणसांनी आपल्या अंगावर जे झालं ते फार बारकाईने पाहिलं होतं. ते लिहून घ्यायला मात्र कोणी आलं नाही.

आजीच्या सांगण्यात सुरुवात मडक्यापासून होई. राख, निंबोळीचा अर्क आणि तंबाखूचं पाणी. तंबाखूच्या काड्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या आणि गाळून ते पाणी परसातल्या वांग्यांवर कुंच्याने शिंपडायचं. एकदा वाफेवर वाकून ढवळताना तिला घेरी आली, वांत्या झाल्या, हात कापायला लागले. ती म्हणायची, “किडीले मारते ते मानसाले सोडते काय?” तंबाखूतलं निकोटीन किड्याच्या आणि माणसाच्या चेतापेशींवर एकाच प्रकारच्या जागी जाऊन बसतं. आज बीटी कपाशीचं जे रंगवलेलं बियाणं पाकिटात येतं, त्याला बहुधा इमिडाक्लोप्रिड चोळलेलं असतं. तेही त्याच जागी बसतं. फरक एवढाच की ते किड्याच्या जागेला जास्त घट्ट धरतं, माणसाच्या जागेला कमी. आजीचं वाक्य अजूनही खोडून काढण्यासारखं नाही.

मग डीडीटी आलं. 1953 साली देशात हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि खाकी कपड्यातली माणसं पंप घेऊन घराघरात शिरली. भिंती फवारून झाल्या की दाराशी तारीख टाकून जात. हिवताप खरोखरच हटला, बाजेतले ढेकूण मेले, लोकांनी दुवा दिला. डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखणाऱ्या पॉल म्यूलर यांना 1948 चं नोबेल मिळालं होतं, ते वाया गेलेलं नव्हतं. पण त्या पांढऱ्या भिंतींनी गावाच्या मनात एक भरवसा पेरला: डब्यातून येतं ते आपल्या भल्याचं असतं. वावरात आली ती बीएचसीची पावडर, ती याच भरवशावर. पहाटे दव असताना फडक्याची पोटली करून पराटीवर, म्हणजे कपाशीवर, झटकायची, म्हणजे पानाला चिकटते. मोठे बाबा सांगत, घरी आले की भुवया पांढऱ्या असत आणि आजी हसत असे.

एंड्रिनपाशी त्यांचं हसू थांबे. गावातला एक जवान पोरगा फवारता फवारता धुऱ्यावर पडला. दातखीळ बसली, हातपाय झाडायला लागला. लोकांनी नाकाला चप्पल लावली, कांदा फोडून हुंगवला. मिरगी म्हणून देवस्थानाला नेलं. त्या हंगामात त्याला तीनदा झटके आले. पुढच्या साली बापाने त्याला गुरं राखायला लावलं आणि मिरगी परत कधी आली नाही. ती देवाने बरी केली असं गाव मानून राहिलं. मेंदूत चेतापेशींना उत्तेजन देणारे निरोप असतात तसे त्यांना शांत ठेवणारेही असतात. एंड्रिन हे शांत ठेवणारे निरोप अडवतं. मग मेंदू आवरेनासा होतो आणि शरीराला झटके येतात. त्या पोराला मिरगीचा आजार नव्हता, त्याला विषबाधा झाली होती. पण लग्नाच्या बोलण्यात ‘त्याला मिरगी आहे’ हे वाक्य त्याच्या मागे लागलं ते लागलंच.

या विषांसाठी देशात कायदा झाला तोही माणसं मेल्यावरच. 1958 साली केरळात जहाजातून आलेल्या अन्नधान्याला त्याच जहाजातलं पॅराथिऑन लागलं आणि शंभराच्या वर लोक दगावले. फॉलिडॉल नावाने ते आपल्याकडेही घरोघर माहीत होतं. त्या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. मोठ्या बाबांना या कायद्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की बाटलीवर आता त्रिकोण असतो, आणि लाल त्रिकोणाची दवाई चांगली लागू पडते.

1970 मध्ये सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रातून एच-4 हे कपाशीचं संकरित वाण आलं, जगातलं पहिलं. नंतरच्या वर्षांत संकरित पराटी आमच्याकडेही पसरली. तिला खत जास्त, बोंडं जास्त आणि किडीही जास्त. एका हंगामात दोन फवारे मारणारे लोक आठ-आठ मारू लागले. मोनोक्रोटोफॉस, ज्याला सगळे नुसतं ‘मोनो’ म्हणत, ते याच काळात घरात शिरलं. दिवाणखान्याच्या कोनाड्यात, गणपतीच्या फोटोखाली त्याची बाटली असायची, कारण ती जागा लहान मुलांच्या हाताला लागत नव्हती.

सालदारकाकांची गोष्ट या मोनोची आहे. ती त्यांनी मला अनेकदा सांगितली, आणि दर वेळी तीच, तेवढीच, एक शब्द इकडेतिकडे न करता.

पोळा होऊन गेला होता. पावसाची उघडीप, हवा दमट, वारा नाही. सकाळपासून ते फवारत होते. औषध बादलीत कालवायला काडी सापडली नाही म्हणून त्यांनी हात घातला, कोपरापर्यंत. पंपाचं झाकण गळकं होतं. पाठीवरून ओघळ कमरेत, कमरेतून मांड्यांवर उतरत होता आणि उन्हात ते बरंच वाटत होतं. “मंग बाई, मले असं दिसलं का दिवस बुडाला. मी म्हटलं, चाल, बैल सोडा आता. तं मोठे मालक म्हनत, अरे, तीनबी नाई वाजले.” त्यांना वाटलं मालक थट्टा करतात. समोरची पराटी काळी दिसत होती. कपाळ दुखत होतं. तोंडात पाणी सुटलं, थुंकून संपेना. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरायला लागलं. ते स्वतःच्या दंडाकडे बघत उभे राहिले, आणि पुढचं त्यांना आठवत नाही.

मोठ्या बाबांनी त्यांचे डोळे उघडून पाहिले होते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. दिवस बुडाला होता तो तिथे. बाहुली इतकी आखडली की डोळ्यात पुरेसा उजेड शिरत नाही आणि भर दुपारी अंधारून येतं.

बऱ्याच वर्षांनी मी गेरहार्ड श्राडर या जर्मन रसायनतज्ज्ञाबद्दल वाचलं. पिकांवरच्या किडीसाठी तो फॉस्फरसची नवी संयुगं बनवत होता. 1936 च्या डिसेंबरात त्याच्या हाताखालून असं एक संयुग निघालं की काही दिवसांनी त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला प्रयोगशाळेत नीट दिसेना. बाहुल्या आखडल्या, श्वास लागला, सावरायला काही आठवडे गेले. त्या संयुगाला पुढे ताबून म्हणू लागले आणि ते जर्मन सैन्याने युद्धासाठी घेतलं. श्राडरनेच काही वर्षांनी पॅराथिऑनही शोधलं. मोनो याच कुळातलं. लेव्हरकुसेनच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या माणसांच्या डोळ्यांपुढे जे अंधारलं तेच आमच्या वावरात निरक्षर माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारलं. श्राडरच्या अनुभवाची नोंद झाली, शास्त्राने तिचं पुढे बरंच काही केलं, बरं आणि वाईटही. आमच्या तालुक्यात त्या हंगामात अशी किती माणसांची दुपार काळोखली, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आत काय होतं ते सांगायला हवं, कारण ते समजल्याशिवाय पुढचं नीट दिसत नाही. मज्जातंतू स्नायूपर्यंत येऊन थांबतो. मधे एक बारीकशी फट असते. हल असा निरोप द्यायचा झाला की तंतू त्या फटीत असिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतो आणि स्नायू आखडतो. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचं विकर त्या रसायनाचे तुकडे करतं, एका सेकंदात हजारो रेणूंचे. म्हणून बोट वाकवलं की पुन्हा सरळ होतं. मोनो आणि त्याचे भाऊबंद या विकरालाच घट्ट चिकटतात. दांडाने आलेलं पाणी वेळेवर वळवायला माणूसच उरला नाही तर वाफा जसा तुंबतो, तसं ते रसायन त्या फटीत साचत जातं. लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणी, बाहुली, आतडी, हृदय, स्नायू, मेंदू, सगळीकडे हीच गत. आणि अळीच्या शरीरातही हेच रसायन, हेच विकर. कातडीतून हे विष किती आत जातं हे जागेवर ठरतं. हाताच्या कातडीपेक्षा कपाळाची आणि डोक्याची कातडी कितीतरी जास्त शोषते, आणि सगळ्यात जास्त शोषते जांघेतली. गळक्या पंपाचा ओघळ नेमका तिथेच उतरत होता. तोंडाला रुमाल बांधून निघालेला माणूस आपण काळजी घेतली असं समजतो, आणि विष पाठीमागून शिरतं.

सालदारकाकांना बैलगाडीतून, मग एसटीने दवाखान्यात नेलं. तिथे सुया सुरू झाल्या. घाम आणि लाळ आटली, पण रात्री ते वेडंवाकडं बोलू लागले. नसलेल्या बैलांना हाका मारल्या. आणि दोन्ही हात वर करून हवेतून काहीतरी खुडत राहिले, एकेक बोंड उलगडून कापूस वेचावा तसे, आणि खुडलेलं पोटाशी ओट्यात टाकत राहिले. त्यांच्या बायकोने हे पाहून हंबरडा फोडला. सोबतच्यांनी बाहेरचं झालं म्हणून ठरवून टाकलं. ते अॅट्रोपिन होतं. असिटिलकोलीनच्या जागा अडवून धरणारं हे औषध अशा विषबाधेत जीव वाचवतं, आणि जास्त झालं की माणूस भ्रमात जातो, हवेतलं वेचू लागतो. आपल्या उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्यातही तेच असतं. आजीने पुढे ही हकिगत ऐकली आणि चटकन म्हणाली, “धोतऱ्यावानीच झालं म्हना की.” तिने धोतरा खाल्लेलं पोरगं पाहिलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी काका शुद्धीवर आले, बोलले, चहा मागितला. जेवायला बसवू गेले तर मान उशीवरून उठेना. हात हलत होते, पाय हलत होते, मान मात्र उठेना. तिथल्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि घरी सोडायला नकार दिला. मोठ्या बाबांना तेव्हा राग आला होता, कारण माणूस तर बोलत होता. त्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या एकाला असाच तिसऱ्या दिवशी बरा झाला म्हणून घरी आणलं होतं. तोही उठून बसेना, पण थकवा असेल असं सगळ्यांना वाटलं. रात्री त्याचा श्वास थांबला.

1987 मध्ये श्रीलंकेतल्या निमल सेनानायके आणि लक्ष्मण करालियद्दे या डॉक्टरांनी नेमकं हेच जगापुढे मांडलं. पहिला धोका टळल्यावर, साधारण एक ते चार दिवसांच्या मधे, मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. अॅट्रोपिनचा यावर उपयोग होत नाही, कारण ते स्नायूंवरच्या जागांवर काम करत नाही. लागतं ते श्वासाचं यंत्र. मान उशीवरून उचलता येते का, एवढी साधी तपासणी असते ती. फवारणीच्या हंगामात ती घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असायला हवी असं मला फार वाटतं. म्हणून ज्या घरी जाते तिथे सांगते.

काका वाचले. पण वाचले म्हणजे काय, हे आमच्या घराने पुढे पाहिलं. आधी त्यांच्याकडे एक विलक्षण गोष्ट होती. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी वीस-पंचवीस बायांचा कापूस ते तोलत, आणि कोणाचा किती हे एका ओळीनेही न लिहिता आठवड्याच्या बाजारापर्यंत डोक्यात ठेवत. मजुरी वाटताना एका किलोचाही घोळ होत नसे. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच वेचणीला त्यांना तिसऱ्या बाईपर्यंत पहिलीचा आकडा आठवेना. ते गप्प बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “बाई, तुई वही आन.” मी चौथीत होते. तेव्हापासून ते तोलत आणि मी लिहीत असे. बैलांवर ज्यांनी कधी हात उगारला नव्हता ते आता उगाच भडकू लागले. कपातला चहा बशीत ओतताना बाहेर सांडे. गाव म्हणे, मरण पाहून आला, म्हणून असा झाला.

1991 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाराग्वातल्या शेतमजुरांवरचा एक अभ्यास आला. या प्रकारच्या विषबाधेने दवाखान्यात राहून आलेल्या मजुरांची सुमारे दोन वर्षांनी तपासणी केली होती. लक्ष, स्मृती, हाताची चपळाई या चाचण्यांत ती माणसं इतरांपेक्षा मागे पडली होती. पुढे इतर देशांतल्या फवारणाऱ्यांमध्येही खिन्नता, झोप उडणं, चिडचिड यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. एकट्या माणसाच्या बाबतीत अमुक औषधानेच अमुक झालं असं बोट ठेवून सांगणं अवघड असतं, हे मला मान्य आहे. पण काकांची ती वही माझ्याकडे आहे आणि पहिल्या पानावरचं अक्षर माझं आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या निराशेवर बोलताना कर्ज, भाव, पाऊस ही नावं येतात आणि ती खरीच आहेत. त्यांच्या शेजारी फवारणीच्या विषाचं नावही असायला हवं.

बायांच्या वाट्याला आलेलं मोठी आई सांगायची. फवारणीचे कपडे तीच धुवायची. ‘सायपर’, म्हणजे सायपरमेथ्रिन, आलं त्यानंतर धुताना तोंडावर हात गेला की गाल मुंग्या चावल्यासारखे चुणचुणायचे, घाम आला की आग व्हायची. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातल्या विषाच्या नमुन्यावर बनवलेली सायपरसारखी औषधं मज्जातंतूंची सोडियमची दारं बंद होऊ देत नाहीत. म्हणून कातडीवर काहीच दिसत नाही आणि तंतू मात्र उगाच ओरडत राहतो. एक दिवसाच्या आत ते थांबतं. मोठी आई खोबरेल लावून ते सोसायची, आणि त्या दिवसांत तिच्या पोटात मूल असायचं किंवा अंगावर असायचं. वाढत्या मेंदूवर या विषांचा भार मोठ्यांपेक्षा जास्त पडतो. मेक्सिकोच्या याकी खोऱ्यात एलिझाबेथ गियेट या संशोधिकेने 1990 च्या दशकात चार-पाच वर्षांच्या मुलांना माणसाचं चित्र काढायला सांगितलं. डोंगरपायथ्याच्या, कमी फवारणीच्या गावांतल्या मुलांनी डोकं, डोळे, हात, पाय असलेली माणसं काढली. खोऱ्यातल्या फवारणीच्या गावांतल्या बऱ्याच मुलांच्या कागदावर माणूस होतच नव्हता, नुसत्या रेघा होत्या. ही चित्रं मी पुस्तकात पाहिली आणि त्या दिवशी दुसरं काही वाचवलं नाही.

2017 चं साल आलं तेव्हा आजी नव्हती, मोठे बाबा होते. त्या हंगामात पराटी माणसाच्या डोक्यावर गेली. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली होती. लोक दोन-तीन औषधं एका पंपात मिसळू लागले. नवे यंत्राचे पंप बारीक धुकं सोडत, आणि पीक उंच असल्याने ते धुकं फवारणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर उतरे. आमच्या एका जिल्ह्यात 20 च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यांत भरती झाली. कित्येकांना काही दिवस दिसेनासं झालं होतं. मग विशेष तपास पथक आलं, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली. मोनोच्या 36 टक्के द्रावणावरच्या देशव्यापी बंदीसाठी 2023 उजाडावं लागलं. मोठे बाबा टीव्हीसमोर बसून एकच विचारत, “ह्यात नवं काय हाय?” ते रागावून नव्हते विचारत. त्यांना खरंच कळत नव्हतं की जे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी पाहिलं ते आता बातमी कसं झालं.

मेलेल्यांची मोजणी निदान झाली. जे परत आले त्यांचं पुढे काय झालं, आकडा कोणाचा हरवला, चहा कोणाचा सांडतो, हे विचारत कोणी हिंडलं नाही. आणि हे मोजता येत नाही असं मुळीच नाही. कॅलिफोर्नियात 1974 पासून मोनोच्या गटातली औषधं नेमाने हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज हंगामाआधी मोजून ठेवतात. मधे ते मूळ पातळीच्या 80 टक्क्यांवर आलं की कामाच्या पद्धतीची चौकशी होते. तांबड्या पेशींतलं 70 टक्क्यांवर उतरलं की माणसाला त्या कामावरून काढून दुसरं काम देतात, आणि ते सावरेपर्यंत परत पाठवत नाहीत. आधीचा आकडाच नसेल तर नंतरच्या आकड्याचा फारसा अर्थ लागत नाही, कारण प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते. सायपरसारख्या औषधांचा ठाव या तपासणीला लागत नाही, हेही खरं.

यंदा मृगाच्या आधी आमच्या गावच्या आशाताई आणि मी घरोघर जाऊन मजुरीने फवारायला जाणाऱ्यांची नावं लिहून घेतली. किती हंगाम झाले, कोणत्या दवाया मारल्या, कधी दवाखान्यात होते, हात कापतात का, झोप लागते का. बहुतेक जण भूमिहीन निघाले. त्यांच्या रक्ताची तपासणी पहिल्या फवाऱ्याआधी व्हावी असा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह जिल्ह्याला पाठवला आहे. आमच्या तालुक्याला ती तपासणी होत नाही, नमुने बाहेर पाठवावे लागतील. त्याला खर्च किती येईल याचा हिशेब आशाताईंनी अर्जाला जोडला आहे.